मागे राहिलेला भाऊ

गेल्या नोव्हेंबरमध्ये प्रभाताई तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे जर्मनीत, एर्लांगेनला आली होती. प्रभाताई म्हणजे माझी थोरली बहीण. सांगलीला शाळेत शिकवते आणि आईला सांभाळते. आई अंथरुणाला खिळून आहे, पण डोकं अगदी शाबूत. मामी आईपाशी राहायला तयार झाली, म्हणून तर ताईला निघता आलं.

त्या दिवशी मला ओबरहाइडनला जायचं होतं. बसने अर्ध्या तासावरचं गाव. काम साधंच, एका जुन्या घराचे फोटो काढायचे होते. मी ज्याच्यावर डॉक्टरेट करते, त्या फ्रिडरिश ओस्टहाइमरचं हे जन्मघर. आता तिथे छोटंसं संग्रहालय आहे. रविवार सोडला तर आठवडाभर ते बंद असतं, पण देखभाल करणाऱ्या बाई, फ्राऊ लिंडनर, मला किल्ली देतात.

"मीही येते," ताई म्हणाली. "घरात बसून तुझं डिशवॉशर किती वेळ बघू?"

आल्यापासून तिचं असंच चाललं होतं. माझं स्वयंपाकघर, माझी सायकल, श्रीपादने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सकाळी करून दिलेली कॉफी. सगळं ती बोटांनी चाचपून बघायची आणि हात मागे घ्यायची. खरं तर इतिहासात ती माझ्याहून कितीतरी हुशार. विद्यापीठात पहिली आली आणि त्याच वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला. पुढचं शिकायला मी गेले.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले असतील, पण उजेड विझत आला होता. दार उघडल्याबरोबर ओल्या कातड्याचा उग्र वास आला. ओस्टहाइमर मंडळी चामडं कमावणारी. पण तो धंदा बंद होऊन शंभर वर्षं झाली. इतक्या फेऱ्यांमध्ये मला तिथे कधी वास आला नव्हता.

मी दिवे लावले आणि ताईला फ्रिडरिशची गोष्ट सांगायला लागले. अठराशे अठ्ठेचाळीसच्या बंडात तो पकडला जाणार होता, म्हणून रातोरात अमेरिकेला पळाला. मिसूरीत छापखान्यात खिळे जुळवले, मग वकील झाला. गुलामगिरीच्या विरोधात गावोगाव भाषणं केली. एकदा लोकांनी दगड मारले, तर कपाळावरचं रक्त पुसून त्याने भाषण पुरं केलं.

वरच्या मजल्यावर फळी करकरली.

"मग तिकडच्या संसदेत, काँग्रेसमध्ये निवडून आला..."

पुन्हा करकरली. या वेळी जिन्याच्या जवळ. जुनं घर, थंडीने लाकूड आकसतं, असं मी म्हटलं. ताई वर बघत राहिली.

"पुढे सिनेटर झाला. एकोणतीस वर्षांनी गावी आला, तेव्हा सगळं गाव बँड घेऊन स्टेशनवर गेलं. याच घरात उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं."

"इथे कोण होतं तेव्हा?"

"भाऊ होता. त्यानेच धंदा बघितला. आई आंधळी झाली होती, तिचंही त्यानेच केलं."

"त्याचं नाव काय?"

मला पटकन आठवेना. "कोनराड," मी जरा वेळाने म्हटलं.

वरचा आवाज थांबला होता.

"चार वर्षं तू या घरावर काम करतेयस," ताई हळूच म्हणाली. "आणि त्याचं नाव तुला आठवावं लागतं."

मी वर जाऊन सिनेटरच्या खोलीचे फोटो काढले. त्याचा कोट, चष्मा, वॉशिंग्टनमधली मोठी तसबीर. काढता काढता खालून बोलणं ऐकू यायला लागलं. आधी ताईचा आवाज. मग दुसरा, जाड, थांबत थांबत येणारा. मला वाटलं, फ्राऊ लिंडनर आल्या. पण त्यांना इंग्रजी येत नाही आणि ताईला जर्मन.

मी खाली आले. मागची छोटी खोली उघडी होती. तिथे दिवा नाही, पाटी नाही, काही मांडलेलंही नाही. खिडकीपाशी फक्त एक बाक आहे. ताई बाकाच्या एका टोकाला बसली होती, शेजारी कोणाला नीट बसता यावं अशी अंग चोरून.

"कोणाशी बोलत होतीस?"

"ते आजोबा आले होते ना." तिचा चेहरा इतका शांत मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "मराठी किती स्वच्छ बोलतात गं."

मी दारामागे डोकावून बघितलं. कोणीच नव्हतं.

"ते म्हणाले, लांब गेलेल्याची आई रोज आठवण काढते. जवळ असतो त्याच्याकडे फक्त पाणी मागते." ताई हसली. "खरंय. वसू असं म्हणाली, वसू तसं म्हणाली... मी तिची चादर बदलत असते आणि ती तुझंच सांगत असते."

"ताई, चल. बस चुकेल."

"तुझी चौकशी करत होते. घरी कधी जाणार म्हणून."

किल्ली परत देताना मी फ्राऊ लिंडनरना इतकंच विचारलं की मागच्या खोलीत काही का मांडत नाही. त्यांनी आधी ताईकडे पाहिलं.

"आल्झो... म्हणजे, मांडलं होतं," त्या म्हणाल्या. "कोनराडच्या या खोलीत त्याच्या सिनेटर भावाची तसबीर लावली होती. दर वेळी खाली पडलेली मिळायची, चेहऱ्यावर ओरखडे. मग खोली त्याची त्याला सोडून दिली." आणि अगदी हलक्या आवाजात, "तुमच्या बहिणीला पुन्हा आणू नका."

परतीची बस कामावरून सुटलेल्या माणसांनी भरलेली होती. ताईने बॅग मांडीवर घेतली होती, तरी शेजारची जागा रिकामीच होती. एक बाई बसायला आली, तर ताईने हात आडवा धरला. मी दुसऱ्या रांगेतून बघत होते. ती खिडकीकडे नाही, त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बसली होती आणि मधूनमधून मान हलवत होती.

नंतरचे दिवस छान गेले. ताई कोणत्याच गोष्टीवरून टोचून बोलली नाही. फ्रँकफर्ट विमानतळावर तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "डिसेंबरात ये नक्की. तुझी खोली मी स्वतः आवरून ठेवते." मला रडू आलं. श्रीपादला म्हटलं, बरं झालं, मनातलं निघून गेलं तिच्या. त्याच रात्री तिकीट काढून आईला तारीख कळवली.

आठवड्याने आईचा फोन आला, ताई शाळेत गेलेली असताना. आई कुजबुजत होती.

"वसू, प्रभाबरोबर तिकडून जे गृहस्थ आलेत, ते किती दिवस राहणार आहेत?"

"कोण गृहस्थ, आई?"

"मामी अजून इथेच आहे, पण तिला दिसत नाहीत म्हणे. प्रभा नुसती हसते. जेवत नाहीत, झोपत नाहीत, तुझ्या लग्नाच्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसलेले असतात." आईने आवाज आणखी खाली आणला. तिचा श्वास मला ऐकू येत होता. "काल माझ्या उशापाशी आले. धाकटी कोणत्या तारखेला येते, विचारलं... मी सांगून टाकली गं."