चांदीपच्या डोंगरावरची ओली पावलं

मे महिन्यात तापलेल्या काळ्या दगडावर ओलं पाऊल उमटलं, तर ते दोन मिनिटांत सुकतं. आशालतामावशीने घड्याळ लावून पाहिलं. सात मिनिटं झाली.

ते सुकलं नव्हतं...

ही घटना घडलेली आहे. मावशी शाळेत विज्ञान शिकवायची. तिखटमीठ लावून सांगणं तिला जमत नाही. साल १९९९, दुपारचे चार, चांदीपजवळच्या डोंगरावरची जुनी मशीद.

मशिदीखालची उतरण मावशीला वडिलांकडून आलेली. तिच्या नवऱ्याला, दिनानाथकाकांना, ती दगडखाणीला द्यायची होती. मावशी दोन वर्षं 'सहीचं बघू' म्हणत टाळत होती. शेजारच्या खाणीत काकांची भागीदारी होती. ड्रिलला पाणी लागतं म्हणून डोंगरातला झरा त्यांनी आधीच तिकडे वळवला होता.

नमाजाआधी हातपाय धुवायचा, चूळ भरायचा मशिदीचा हौद तेव्हापासून कोरडा. वर कोणी येईनासं झालं.

त्या दिवशी सुरुंग लावायच्या जागेपासून मशीद किती लांब, ते दोघं टेपने मोजत होते.

"अहो, आत या. इथे पावलं आहेत. ओली."

काका बुटांसकट आत आले. "शास्त्राच्या बाई तुम्ही, आणि गुराख्याच्या पायांना घाबरता?"

"अकरा जोड्या आहेत. एका रांगेत, बोटं पश्चिमेला, नमाजाला उभं राहतात तशी. आणि दारातून आत आलेलं एकही पाऊल नाही."

"मग छपरातून उतरले असतील. टेप धर."

बाहेरची किड्यांची किरकिर थांबली...

कोरड्या हौदातून आवाज आला. चूळ भरल्याचा.

एकाने भरली. मग दुसऱ्याने. मग कितीतरी जणांनी...

मावशीने खाली पाहिलं.

पावलांची बोटं आता त्या दोघांकडे वळली होती.

"आशा, चल इथून," काका म्हणाले. पण त्यांचे पाय उचलेनात. भोवतीची फरशी कोरडी, आणि बुटांतून पाणी ओसंडत होतं.

रांग एक पाऊल पुढे आली.

काका खोकले. तोंडातून पाणी पडलं. गार, स्वच्छ. पुन्हा खोकले, पुन्हा पाणी. श्वास घ्यायला जागा राहिली नाही. मावशीने दंड धरून ओढलं. माणूस तसूभर हलला नाही.

रांग आणखी एक पाऊल पुढे...

पुढचं आपण नवऱ्याशी बोललो की त्या पावलांशी, हे मावशीला आजही ठरवता येत नाही.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "आज नाही, कधीच नाही. उतरण खाणीला द्यायची नाही."

पावलं कडेपासून सुकू लागली, आणि काकांनी श्वास घेतला.