टप्प्यात न येणारे अकरा पक्षी

भुताखेतांच्या गोष्टी वाचणाऱ्यांना तुच्छ समजणारा माणूस बघायचा असेल, तर माझ्या मावसभावाला भेटा. इंद्रनील त्याचं नाव. मूळचा नाशिकचा, आता सौदीत, जुबैलला एका रसायनांच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनीअर.

हे त्याच्याच बाबतीत घडलंय.

लिहू का, असं विचारलं तेव्हा म्हणाला, "लिही की. तुझं ते पान वाचणारे बिनडोक लोक माझ्या ऑफिसात थोडेच येणारेत?"

तर बिनडोक मंडळी, ऐका. यातला शब्द न् शब्द खरा आहे. शेवटचा भाग तर मी स्वतः पाहिलाय.

जानेवारी २०२३. शुक्रवार. आणि रात्रबित्र काही नव्हती... भर दुपारचे बारा वाजले होते.

इंद्रनीलच्या ऑफिसात उसामा नावाचा एक सौदी सहकारी आहे. त्याच्या काकांचं वाळवंटात मोठं शेत होतं. नुएरिया गावाच्याही पलीकडे, जुबैलहून गाडीनं तीनेक तास. एके काळी तिथं गहू पिकायचा. मग विहिरी आटल्या, शेत बंद पडलं, कामगार आपापल्या देशी गेले. त्याला बारा वर्षं झाली.

मागे राहिले फक्त टर्की.

पाहुण्यांच्या मेजवानीसाठी पाळलेले ते पक्षी. जे पकडायचे राहून गेले, ते तसेच मोकळे सुटले आणि रानटी झाले. उसामा तीन हिवाळे त्यांच्या मागे होता. गाडी घेऊन, चुलतभावांना घेऊन, दुर्बीण घेऊन. एकही हाती लागला नव्हता.

"They know the gun," उसामा म्हणाला. "बंदूक कुठवर पोचते ते त्यांना ठाऊक आहे. त्याच्या आत येतच नाहीत."

इंद्रनील हसला. टर्की म्हणजे काय? सुजलेली कोंबडी! तिला कसलं आलंय अंतर कळायला? तीन वर्षं एका कोंबडीनं या माणसाला बनवलं आणि हा ते सांगतोही वर.

"मी येतो," इंद्रनील म्हणाला. "संध्याकाळी दोन घेऊन परतू."

परदेशी माणसानं तिथं बंदुकीला हात लावायचा नसतो. इंद्रनीलला हा नियम माहीत होता. नियम इतरांसाठी असतात, असंही त्याला वाटायचं.

सोबत तिसरा माणूस होता हुसेनमियाँ. कारखान्यातले स्टोअरकीपर, साठीला आलेले, रत्नागिरीकडचे, बाणकोटचे. ते स्वतःहून म्हणाले, "साहेब, मीपण येतो. जेवणाचं बघतो." इंद्रनीलला वाटलं, म्हाताऱ्याला खोलीत कंटाळा आला असेल. बरंच झालं. भांडी घासायला कुणीतरी हवंच.

पहाटे निघाले. नऊच्या सुमारास पोचले.

सपाट वाळू. मध्ये पाणी फवारणाऱ्या यंत्राचा गंजलेला लांबच लांब सांगाडा. एका बाजूला पंपाची खोली, दार नसलेली. दुसऱ्या बाजूला वारा अडवण्यासाठी लावलेली झाडांची रांग, अर्धी वाळलेली. बस्स.

पाण्याचा थेंब नाही. सगळ्यात जवळचं पाणी वीस किलोमीटरवर.

"मग हे पितात काय?" इंद्रनीलनं विचारलं.

उसामानं खांदे उडवले.

तेवढ्यात ते दिसले. झाडांच्या रांगेतून बाहेर पडले. काळे, मोठे, गळ्याला लाल कातडी लोंबणारे. अकरा होते. सावकाश, रमतगमत चालत होते.

हुसेनमियाँ कितीतरी वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "साहेब... ही रानटी नाहीत ओ."

"म्हणजे?"

"चाल बघा त्यांची. रानटी पाखरू असं चालत नाही. ही कुणाच्या तरी मागनं चालल्येत."

इंद्रनीलनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हुसेनमियाँ, तुम्ही कांदा चिरा."

साडेअकराला उसामा आणि हुसेनमियाँ जुम्म्याच्या नमाजासाठी निघाले. मशीद हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाजवळ, अर्ध्या तासावर. उसामानं दुनळी आणि काडतुसं इंद्रनीलच्या हाती दिली. नमाजाच्या वेळी हा एकटाच राहणार होता.

"दीड तासात येतो," उसामा म्हणाला.

जाता जाता हुसेनमियाँ थांबले. "साहेब, टप्प्यात नाही आली तर सोडून द्या. मागं मागं जाऊ नका."

गाडी गेली. धूळ बसली.

आता इंद्रनील एकटा. आणि ते अकरा.

त्यानं डोकं चालवलं. पंपाच्या खोलीपासून तीस पावलांवर गहू टाकला. सुका, पिशवीतला, जुबैलच्या दुकानातून आणलेला. मग आत जाऊन दबा धरून बसला. चाळीस पावलांपर्यंत छर्रा नीट लागतो. तीस पावलं म्हणजे शेंबडं पोरही चुकणार नाही.

दहा मिनिटांत पक्षी आले. सरळ दाण्यांकडे निघाले. शंभर पावलं... नव्वद... ऐंशी.

आणि थांबले.

सगळे एकदम. पुढचा एक इंचही पुढे नाही, मागचा एक इंचही मागे नाही. जणू वाळूत कुणी रेघ मारली होती.

इंद्रनील श्वास रोखून बसला. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

मग अकराच्या अकरा माना एकाच वेळी डावीकडे वळल्या.

हाक मारल्यावर वळतात तशा.

इंद्रनीलला काहीच ऐकू आलं नव्हतं.

पक्षी वळले आणि डावीकडे चालू लागले. इंद्रनीलच्या तोंडून शिवी निघाली. मूर्ख पक्षी! दाणे समोर पडलेत आणि हे चालले कुठे? म्हातारा म्हणाला होता मागं जाऊ नका. म्हाताऱ्याला काय कळतं?

तो बाहेर पडला. वाकून, झाडांच्या आडोशानं, लांबचा वळसा घेत. तो जोरात चालला की ते जोरात चालायचे. तो थांबला की ते थांबायचे. पण उडत नव्हते. पळत नव्हते. त्याच्याकडे ढुंकून बघतही नव्हते. त्याला याचाच जास्त राग आला. हातात बंदूक असलेल्या माणसाला कोंबड्या मोजत नव्हत्या!

आणि मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली.

पक्षी दोन रांगांत चालत होते. सहा एका बाजूला. पाच दुसऱ्या बाजूला.

मध्ये मोकळी जागा होती.

एक माणूस चालेल... एवढीच.

पक्षी वळले की ती जागाही वळायची. एखादा मागे पडला तर घाईनं पुढे यायचा, पण त्या जागेत पाऊल टाकायचा नाही.

इंद्रनील त्यांच्या वाटेवर पोचला, खाली वाकला. दोन्ही बाजूंना तीन बोटांचे ठसे, शेकड्यांनी. मधली वाळू मात्र कोरी. मानवी पाऊल नाही, काही नाही. वाऱ्यानं जशी केली तशी सपाट.

फक्त त्या कोऱ्या वाळूवर, दर चार पावलांवर, मूठभर गहू पडला होता.

त्यानं टाकलेला नव्हता. त्याचा गहू तिकडे पंपाच्या खोलीसमोर होता.

त्यानं दोन दाणे उचलले.

ओले होते.

रात्रभर पाण्यात भिजवून फुगलेले. बोटांनी दाबले तर चुरले. ज्या जागी बारा वर्षांत पाणी नाही, तिथं.

कुणाही शहाण्या माणसानं इथून पाठ फिरवली असती. पण इंद्रनीलला शहाणपणाचाच तर माज होता. उसामाची चेष्टा असेल, कुणीतरी आधीच येऊन टाकले असतील, असं त्यानं स्वतःला बजावलं.

तेवढ्यात त्याला ऐकू आलं.

"आऽ... आऽ... आऽ..."

हलका आवाज. पुरुषाचा. कोकणात अंगणात उभं राहून कोंबड्यांना बोलावतात ना, अगदी तसा.

इंद्रनीलचं डोकं फिरलं. हुसेनमियाँ! म्हातारा नमाजाला गेलाच नाही! इथंच कुठंतरी लपून पक्ष्यांना हुसकावतोय, माझी शिकार बिघडवतोय!

"हुसेनमियाँ!" तो ओरडला. "बाहेर या! तोंड दाखवा! जुबैलला गेल्यावर बघतो तुमच्याकडे!" आणखीही बरंच काही बोलला. ते लिहिण्यासारखं नाही. वयानं वडिलांएवढ्या माणसाला बोलू नये असं.

आवाज बंद झाला.

वाराही पडला.

आणि अकरा पक्षी त्याच्याकडे वळले.

सकाळपासून जे हवं होतं तेच घडत होतं. पक्षी त्याच्याकडे येत होते. ऐंशी पावलं... साठ... चाळीस. गाडीचं दार वाजलं तरी पळणारे पक्षी. तीस. वीस. दोन रांगांत, सावकाश.

मधली मोकळी जागाही येत होती.

इंद्रनीलनं दुनळी खांद्याला लावली. सगळ्यात मोठ्या नरावर नेम धरला आणि चाप ओढला.

धाड!

एकही पीस उडालं नाही. एकही मान हलली नाही.

दुसरी नळी झाडली. अवघ्या दहा पावलांवरून.

काहीच नाही. पक्षी चालतच होते. ते त्याच्याजवळ पोचले, दोन्ही बाजूंनी पसरले, त्याच्याभोवती गोल करून उभे राहिले. वाट बघत.

मोकळी जागा आता कुठंच नव्हती. ती त्याच्यापाशी येऊन संपली होती.

मग त्याच्या बुटांवर काहीतरी पडलं.

ओले दाणे. मूठभर.

त्याच्या हाताच्या उंचीवरून पडले होते. अगदी शेजारून.

पक्ष्यांनी माना खाली घातल्या आणि त्याच्या बुटांवरचे दाणे टिपू लागले. टक... टक... टक. चोची कातड्यातून बोटांना जाणवत होत्या. त्याला पाय उचलता येईना. मान वळवून शेजारी बघायची हिंमत होईना.

आणखी एक मूठ पडली.

मग त्याच्या डाव्या कानाशी, अगदी मायेनं...

"आऽ... आऽ..."

त्यानं बंदूक टाकली आणि पळत सुटला.

उसामाची गाडी परत आली तेव्हा तो पंपाच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसला होता. हुसेनमियाँ गाडीतून उतरले. डोक्यावर टोपी तशीच होती. नमाजाला दोघंही शेजारी शेजारी उभे होते, उसामानंच सांगितलं.

हुसेनमियाँनी इंद्रनीलच्या बुटांकडे बघितलं. बुटांना ओला गहू चिकटला होता.

"आवाज ऐकलात, साहेब?"

"कसला आवाज? वेड लागलंय तुम्हाला?"

"आमच्या गावचा रफीक या शेतावर होता," हुसेनमियाँ उसामालाही कळावं म्हणून हिंदीत म्हणाले. "चौदा वर्षं हीच पाखरं सांभाळली त्यानं. रोज रात्री गहू भिजत घालायचा, सुका त्यांना पचत नाही म्हणून. शेत बंद झालं, घरी जायचं तिकीटसुद्धा आलं होतं. चार दिवस आधी हार्ट अटॅकनं गेला. इथल्याच कबरस्तानात आहे. मला एकदा त्याची जागा बघायची होती, म्हणून आलो."

"आणि ती पाखरं?" उसामानं कारखान्यात शिकलेल्या मोडक्या हिंदीत विचारलं. "बारा वर्षं त्यांना कोण सांभाळतंय?"

हुसेनमियाँ झाडांच्या रांगेकडे वळले. वाळूत पडलेली बंदूक आणायला तेच गेले. एकटे. जाताना त्या मोकळ्या रानाकडे बघून त्यांनी सलाम केला. त्यांना काहीही झालं नाही.

परतीच्या वाटेवर इंद्रनील त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. माफी तर नाहीच.

एवढ्यावर संपलं असतं तर मीही विसरलो असतो.

जुबैलला परतल्यावर आठवडाभरात त्याला दिसलं की बाल्कनीतली कबुतरं गेली. तो गाडीतून उतरला की पार्किंगमधल्या चिमण्या एकदम उठायच्या. तो म्हणाला, बरं झालं, घाण कमी. समुद्रावर गेला की तो चालेल तिथला किनारा रिकामा व्हायचा. तो म्हणाला, योगायोग.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याचे वडील गेले. माझे काका.

दहाव्याला आम्ही सगळे गोदावरीवर, रामकुंडावर होतो. पिंड ठेवला. पलीकडच्या भिंतीवर कावळ्यांची रांग बसली होती, चाळीसेक तरी. गुरुजी म्हणाले, "येतील आता."

अर्धा तास झाला. एकही आला नाही.

मावशीनं हात जोडले. कुणी म्हणालं, घर विकणार नाही सांगा. कुणी म्हणालं, मुलीच्या लग्नाचं वचन द्या. सगळी वचनं देऊन झाली. कावळे हलेनात. शेजारच्या दोन पिंडांना तेच कावळे शिवून गेले.

"दर्भाचा कावळा करा आणि आटपा," इंद्रनील म्हणाला. "पक्ष्यांना काय कळतं?"

पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्याच्या शेजारीच उभा होतो.

मावशी रडायला लागली. "ह्यांचा जीव कशात अडकलाय रे..."

तेव्हा इंद्रनील मागे सरकू लागला. दहा पावलं. तीस. साठ. घाटाच्या पायऱ्या चढून वर रस्त्यावर गेला. तिथून मला तो जेमतेम दिसत होता.

त्याचं पाऊल रस्त्यावर पडलं आणि भिंतीवरून पहिला कावळा उडाला.

पिंडाला कावळा शिवला. सगळ्यांनी नमस्कार केला. मावशीनं डोळे पुसून आजूबाजूला बघितलं. "इंद्रनील कुठाय? मुलानं बघायला नको?"

मी म्हणालो, त्याला फोन आला.

वर्ष होत आलं. मावशी अजून अधूनमधून विचारते, कुणाचा फोन होता एवढा महत्त्वाचा?

इंद्रनील अजूनही हसतो. अजूनही सगळ्यांना बिनडोक म्हणतो. पण दहाव्याच्या दिवशी गाडीत बसल्यावर त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता.

"ते मला घाबरतात," तो म्हणाला, "की माझ्या शेजारी जो उभा असतो... त्याला?"