तितरीचा धुरा

संघपालनं काडी ओढली, तं बाजूनं कोनीतरी हळूच फुंकर मारली. काडी इझली.

दुसरी ओढली. तिलेही फुंकर.

वळून पाह्यलं, तं शेजारच्या वावरातली सपना. डोक्याले ओढणी गुंडाळलेली, कपाळावर घाम, अन् डोळे... त्या डोळ्याईत पाहूच नाही. पाह्यलं का मानूस काडी कायले ओढली तेच इसरते.

"धुरा पेटवून राह्यला काय?"

"मंग काय बिडी पेटवाले आलो? पेरणीच्या आंधी बांधावरचं गवत सारं केनवड गाव जाळते."

"इकडं ये."

तिनं त्याची बाही धरली अन् वाळल्या गवतात खाली बसवलं. समोर मातीच्या ढेकळासारखी एक तितरी बसली होती. हालत नाही, डुलत नाही.

"नऊ अंडी हायेत तिच्याखाली. आग आली तरी उठत नाही ते. मागच्या साली तुमच्या धुऱ्यावर बसल्या जागीच जळली. म्या पाह्यली."

संघपालनं काडीपेटी खिशात घातली. मागच्या सालची काडी त्यानंच लावली होती.

"पिल्लं निंगाले किती दिवस?"

"पंधराक."

"तवरोक थांबतो. पन मले रोज दाखवाले तू पायजे."

"तितरी तं जागची हालत नाही. रोज काय पाह्यशीन?"

"तितरीचं कोन बोलून राह्यलं..."

सपनानं तोंड फिरवलं. हसू दिसू नये म्हनून, दुसरं काय.

मंग रोज सकाळी दोघं धुऱ्यावर. तो चिंचा आने, ते मीठ आने. तितरी बिचारी दोघाईले सहन करे.

अकराव्या दिवशी संघपालच्या बापानं, उकंडरावनं, जेवता जेवता सांगितलं, "उद्या मालेगावले जाता जाता पाह्यतो. धुरा काळा दिसला नाही, तं मीच पेटवतो."

उकंडरावसंग वाद घालनं म्हनजे बैलाले कविता ऐकवनं. संघपाल उठला, बाजारातल्या जिलेबीवाल्याच्या भट्टीवर गेला, अन् सकाळी सकाळी कोळशाची दोन पोती भुकटी रस्त्याच्या आंगानं साऱ्या धुऱ्यावर भुरभुरवली. तितरीची बाजू सोडून.

उकंडरावनं रस्त्यावरूनच गाडी हळू केली, चष्मा वर केला, "शाब्बास" म्हटलं अन् निंगून गेला.

पन त्याच रस्त्यानं सपनाही आली. दुरून धुरा दिसला... काळाठिक्कर. ते वावरातून पळत सुटली, एक चप्पल नांगराच्या तासात राह्यली.

"तू... तूबी तसाच निंगाला."

अन् ढेकूळ हानलं. दुसरंही हानलं. संघपालनं दोन्ही खांद्यावर झेलले.

"मारून झालं? मंग त्या आंगानं ये."

ते वळसा घालून गेली. गवत उभंच होतं. तितरी जागेवर, डोळे वटारून पाहून राह्यली. सपनानं बांधावर बोट फिरवलं. बोटाले भुकटी. मंग संघपालकडं पाह्यलं. काळ्या तोंडात नुसते दात अन् डोळे.

"भट्टीवाला म्हने, इतका कोळसा कायले? म्हटलं, एका पोरीच्या नजरेतून उतराचं नाही मले."

सपना जवळ आली. ओढणीचा शेव घेऊन त्याचा गाल पुसाले लागली. निंगे तं नाहीच, जास्तच पसरे.

"पन सपना... बाबानं शाब्बास म्हटलं ना. पिल्लं निंगाल्यावर त्याईले खरं कोन सांगन?"

"त्याईची सून सांगन," ते म्हने. अन् मान वर न करता दुसरा गाल पुसाले घेतला.