पहिलीनं बनवलेलं टूल

मोबाइल ठेवा खाली आणि जरा जवळ सरका. ऐकीव नाही हे. माझ्या भाच्याच्या घरी घडलंय, भाचेसुनेनं स्वतः सांगितलंय मला.

भाचा प्रोग्रॅमर. कुठल्या कामात किती वेळ गेला, ते त्याला दर शुक्रवारी ऑफिसला कळवावं लागतं. त्यासाठी पहिल्या बायकोनं त्याला एक छोटंसं टूल लिहून दिलं होतं. कामाचं नाव टाइप करून ‘सुरू’ म्हणायचं, संपलं की ‘बंद’. पहिली वारून तीन वर्षं झाली, पण हा ते टूल बदलेल तर शपथ! दुसरीच्या पोटात दुखायचं ते त्यावरूनच. पहिलीचा फोटो माळ्यावर टाकता आला, कपडे देऊन टाकता आले. याचं काय करणार? दिवसभर नवऱ्याची बोटं तिच्याच वस्तूवर.

गेल्या नोव्हेंबरातला एकवीस तारखेचा शुक्रवार. भाचा परगावी. रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला.

“माझा लॅपटॉप उघड गं, आठवड्याचे तास पाठवून दे. विसरलोच बघ.”

तिनं त्या टूलमधली यादी उघडली. लॉगिनची दुरुस्ती, दोन तास. चाचणी, चाळीस मिनिटं. आणि त्याखाली...

‘बुधवार. जेवताना तिच्याशी हसला. बारा मिनिटं.’

‘तिच्या केसांवरून हात फिरवला. एक मिनिट.’

तिचं डोकंच फिरलं. “कोण आहे रे ही? वर मिनिटं मोजून ठेवतोस?”

“मी? असलं काही लिहिलं नाही मी.”

“बुधवारी कोणाबरोबर जेवलास?”

“बुधवारी... घरीच होतो की. तुझ्याबरोबर.”

तिनं पुन्हा यादीकडे पाहिलं.

यादीत नवी ओळ उमटली. तिचा हात कीबोर्डवर नव्हता.

‘तिच्याशी फोनवर बोलतोय. चार मिनिटं झाली.’

“ठेव... फोन ठेव,” ती कुजबुजली. त्यानं ठेवला.

‘बंद.’

मग आणखी एक ओळ.

‘ती एकटी आहे. सुरू.’

ती अनवाणीच पळाली. बाहेरून कुलूप ठोकलं. आत जे काही असेल, ते आतच राहावं म्हणून. रात्रभर शेजारच्या काकूंकडे बसून राहिली, किल्ली मुठीत घट्ट धरून.

मिळेल त्या गाडीनं भाचा पहाटे पोचला. कुलूप त्यानंच काढलं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

लॅपटॉप उघडाच होता. ती शेवटची ओळ गेली होती. तिच्या जागी दुसरीच. सुरू, आठ चौदा. बंद, पाच एकवीस... त्यानं आत पाऊल टाकलं, तेव्हा.

‘वाट पाहिली. नऊ तास सात मिनिटं.’