‘वेग-व्यापार’चे संपादक

सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोडे बघायला येतात. मी मात्र तापीच्या वाळूत रुतलेली मोटार बघितली आणि खदाखदा हसले. इतक्या मोठ्याने, की मोटारीखालून एक डोकं बाहेर आलं. कपाळाला काळं तेल, मिशीत वाळू.

“हसायला काय झालं?”

“काही नाही. एवढे घोडे विकायला आलेत, एखादा घेऊन टाका की!”

“बाई, ही शर्यत आहे. सदर मोटार नदीपात्रातून पहिल्या क्रमांकाने...”

“सदर मोटार!” मी ओढणी तोंडाला लावली. “तुम्ही असं छापल्यासारखं का बोलता?”

“कारण मी छापतो.” तो उठला, हात झटकले. “उमेदमल. शहाद्याचा. ‘वेग-व्यापार’ मासिकाचा संपादक, प्रकाशक आणि — आजच्या दिवस — हमाल.”

अगंबाई! म्हणजे तो हाच? ‘वेग-व्यापार’ आमच्या घरी यायचं. पुढच्या पानांवर कपाशी, सरकी, भुईमुगाचे भाव आणि जिनिंगच्या बातम्या. मागच्या पानांवर मोटारींच्या शर्यती. बापूजी पुढची पानं वाचून जपून ठेवायचे आणि मागची पुड्या बांधायला दुकानात जायची. जाण्याआधी ती मी चोरून वाचायची. नंदुरबारात तेव्हा मोटारी किती, तर बोटावर मोजण्याएवढ्या. पण कुठली मोटार कुठल्या वळणावर उलटली, हे मला तोंडपाठ होतं.

हे त्याला सांगितलं, तर तो बघतच राहिला.

“म्हणजे मागच्या पानांना एक वाचक आहे तर! मला वाटायचं, ती मी स्वतःसाठीच छापतो.”

“वाचकीण,” मी म्हटलं.

असं बघत का होता, कोण जाणे. मी उगाचच बांगड्या पुढे-मागे केल्या. तेवढ्यात आमचा गाडीवान भटू मोटारीला एक फेरी मारून आला. “बहीन, हाई मोटर काय हालाव नही. मन्हा बैल जुपू का?”

जुंपले. बैलांनी मोटार खेचून काठावर आणली, लोकांनी टाळ्या पिटल्या. उमेदमलने मला वाकून नमस्कार केला. “बैल कोणाचे म्हणून छापू?”

“छापा — नंदुरबारचे सुमेरमलशेट. माझे बापूजी.”

“आणि बैलांच्या मालकिणीचं नाव?”

“ते छापायचं नसतं,” मी म्हटलं. गाडी हलल्यावर मात्र राहवलं नाही. मागे वळून सांगितलं, “धनकंवर!”

पुढच्या अंकात खरोखरच छापून आलं : मोटार-शर्यतीत प्रथम क्रमांक, सुमेरमलशेट यांची बैलजोडी. मला वाटलं, आता बापूजी चिडणार. कसले चिडतात! आपलं नाव छापलेलं बघून ते इतके खूष झाले की अंक सबंध बाजारात फिरवून आणला. आणि ठरवून टाकलं — येत्या दिवाळीला आपलं चरित्र निघालं पाहिजे, आणि ते याच पोराने लिहायचं.

व्यापाऱ्यांची चरित्रं लिहिणं हा उमेदमलचा दुसरा धंदा. कोणाची साठी असो, कोणी धर्मशाळा बांधो, हा जाऊन त्यांचं आयुष्य लिहून, छापून, कापडी बांधणीत हातात ठेवायचा. त्याच कमाईवर शर्यतींची पानं चालायची.

चैत्रात तो आला. स्वयंपाकघरातून जसोदाबाई धावत सांगायला आली, “धनूबाय, तो मोटरवाला उना शे!” माझ्या हातातलं पीठ खाली सांडलं.

काम तिसऱ्याच दिवशी अडलं. आजोबा मारवाडातून कसे आले, मोलगीच्या बाजारात मिठाची गोणी घेऊन कसे चढले, बापूजी कुठे जन्मले, हे बापूजींना धड सांगता येईना. सगळं ठाऊक होतं ते त्यांच्या थोरल्या बहिणीला, जडावबाईंना. आम्ही त्यांना भुवाजी म्हणायचो. भुवाजी लहानपणीच विधवा झालेल्या. परपुरुषासमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, आणि माजघरात परका पुरुष त्यांनी कधी येऊ दिला नव्हता.

त्यातच बापूजी दोन दिवस दोंडाईचाला गेले. “मग मी जातो,” उमेदमल बैठकीत म्हणाला. “जन्माशिवाय चरित्र कसं लिहू?”

दाराआड माझा जीव खालीवर झाला. भुवाजींनी आतून निरोप पाठवला : आपल्याच जातीतला मुलगा आहे, घरात पोरगा नाही, धनूला भाऊ नाही. त्याने धनूकडून धागा बांधून घ्यावा. मग तो घरचा झाला. मग खुशाल माजघरात बसावं, वाटेल ते विचारावं.

आणि आम्ही काय केलं? हसलो! खरंच सांगते, दोघंही हसलो. तो आनंदाने आत आला, पाटावर बसला, हात पुढे केला. भुवाजींनी पूजेतला लाल-पिवळा नाडा माझ्या हातात दिला. मी बांधला, टिळा लावला, गुळाचा खडा भरवला. त्याने हळूच माझ्या बोटाला दात लावला. माझ्या मनात एवढंच होतं की आता हा जाणार नाही, आता रोज दिसेल. त्याच्याही मनात तेच होतं, नंतर सांगितलं त्याने. भुवाजींनी त्याच संध्याकाळी लापशी केली आणि सबंध गल्लीत गूळ वाटला.

मग रोज दुपारी तो माजघरात. भुवाजी सांगायच्या, तो लिहायचा, मी शेजारी बसून तांदूळ निवडायची. निवडून झालेलेच पुन्हा निवडायची. सांगता सांगता भुवाजींना डुलकी लागली, की आमचं सुरू व्हायचं.

“शर्यतीत असतं तरी काय हो एवढं? गोल फिरायचं आणि निघालो तिथेच परत यायचं.”

“यायचं, पण सगळ्यांच्या आधी.”

“आधी येऊन काय करायचं?”

“वाट बघायची.”

“कोणाची?”

“जी तांदळाकडे बघत बसते... तिची.”

मी मुठीतले तांदूळ त्याच्या अंगावर टाकले. भुवाजी झोपेतच म्हणाल्या, “काय सांडलं गं?” आम्ही श्वास रोखून बसलो. त्याच्या कुरळ्या केसांत एक तांदूळ अडकला होता. मला तो काढायचा होता, पण हात पुढे जाईना.

श्रावण आला, राखीपौर्णिमा आली. त्या दिवशी मी डोकं दुखतं म्हणून पांघरूण घेऊन पडले. शहाद्याहून त्याचाही निरोप आला — छापखान्यात फार काम आहे, येणं होत नाही. पांघरुणात मला हसू फुटलं आणि लगेच रडूही आलं. तोवर आम्हाला कळून चुकलं होतं, दोघांनाही.

भाद्रपदात बापूजींनी मोटार घेतली. चालवून दाखवायला उमेदमलच. मागे बापूजी आणि भुवाजी, पुढे मी. बारीक पाऊस लागलेला, काचेवरून पाणी ओघळतंय. प्रकाशा गावाच्या रस्त्याला एका ओढ्याशी गाडी थांबली आणि ते दोघं पाणी बघायला उतरले. त्याने माझा हात उचलून गाडी वळवायच्या चाकावर ठेवला. वर त्याचा हात, थंडगार.

“धनू, शेटजींशी बोलू का?”

“कशाबद्दल?” मी विचारलं. माहीत असून विचारलं... ऐकायचं होतं ना!

“तू मला हवी आहेस. पुढची पानं, मागची पानं, सगळी तुझ्यासोबत वाचायची आहेत.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“का म्हणतील? जात तीच, गोत्र वेगळं. गरीब आहे, पण उपाशी ठेवणार नाही.”

त्याच्या मनगटावरचा नाडा पावसाने भिजून फिका पडला होता. तो आम्ही दोघांनीही पाहिला, आणि त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. आम्हाला तो दोरा वाटत होता हो, नुसता दोरा.

दिवाळीच्या पाडव्याला पुस्तकं आली. बापूजींनी आपलं चरित्र डोक्याला लावलं, डोळे पुसले. उमेदमलला जवळ बसवून म्हणाले, “माग. काय हवं ते माग.”

मी दाराआड. कानात प्राण आणून ऐकत होते.

त्याने मागितलं. अगदी साध्या शब्दांत मागितलं. त्या दिवशी तो छापल्यासारखं बोलला नाही.

 बापूजींनी कपाळावर हात मारून घेतला. “अरे पोरा! मी तुला चरित्र लिहायला बोलावलं ते काय नुसतं चरित्रासाठी? बैलांची बातमी वाचली आणि शहाद्याला तुझी चौकशी केली. मनात ठरवलं, धनूसाठी हाच. वाटलं, येऊ दे घरी, राहू दे, मग तुझ्या घरी निरोप धाडू. आणि मी दोन दिवस जिनिंगच्या कामाला दोंडाईचाला काय गेलो — तू हात पुढे करून मोकळा झालास!”

“शेटजी, तो एक धागा आहे...”

“आणि हे?” बापूजींनी पुस्तक उघडून पुढे केलं. शेवटच्या पानावर कुटुंबाची माहिती होती. सुमेरमलशेट यांना पुत्र नाही, तरी कन्या धनकंवर हिचे धर्मबंधू उमेदमल हे पुत्रासमान आहेत. बापूजींनीच सांगितलेलं वाक्य. त्याने ते शिष्टाचार म्हणून घेतलं होतं. आपल्याच छापखान्यात, आपल्याच हाताने खिळे जुळवून छापलं होतं. पुस्तकं सकाळीच वाटायला रवाना झाली होती, पार शिरपूर-अमळनेरपर्यंत.

तेव्हा भुवाजी बाहेर आल्या. “सगळ्या गल्लीत मी गूळ वाटला, सुमेर. आता लोकांना काय सांगू? भावाला बहीण दिली म्हणून?” आणि तिथेच जमिनीवर बसून रडायला लागल्या. त्यांना आमचं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त माझ्यासाठी भाऊ हवा होता. मला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

मी बाहेर धावले. लाजलज्जा गेली खड्ड्यात. बापूजींचे पाय धरले. म्हटलं, मी मेले तरी दुसरीकडे जाणार नाही. बापूजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.  पण नाही म्हणजे नाहीच. उमेदमल उठला, पागोटं डोक्यावर ठेवलं आणि गेला. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला जाता आलं नसतं.

त्यानंतर ‘वेग-व्यापार’ येत राहिलं, पण मागची पानं गेली. कपाशी, सरकी, भुईमूग, तेवढंच. मी प्रत्येक अंक उलटा धरून शोधायची, एखादी मोटार, एखादं वळण... काही नाही. पुढे तो छापखाना विकून मासिकासकट मुंबईला गेला. गिरणीवाल्यांची, सराफांची मोठाली चरित्रं लिहिली, शर्यतींच्या मैदानावर उभा राहून बातम्या लिहिल्या, त्याचं नाव झालं. मग लढाई आली, पेट्रोल गेलं, कागद गेला आणि मासिक मिटलं. हे सगळं मला असंच लोकांकडून कळत गेलं. पण त्याआधी माझं लग्न झालं, त्याच माघात.

मुलगा दोंडाईचाचा, छगनलाल. माणूस वाईट नाही. त्याच्याबद्दल मी आजवर वाईट बोलले नाही. पण माझं सगळं अंग नाही म्हणत होतं.

आणि आमच्याकडे फेऱ्यांच्या वेळी नवरीच्या ओंजळीत लाह्या घालतो तो भाऊ. त्या लाह्या अग्नीत पडल्या की मुलगी माहेरची सुटली. बापूजी म्हणाले होते, माझ्या मामाच्या मुलाला उभं करू. पण बिरादरीतल्या बायका विचारायला लागल्या : धर्मभाऊ असताना दुसरा का? तो का येत नाही? काही झालंय का? एकदा कुजबूज सुरू झाली की पोरीचं नाव जातं. बापूजींनी त्याला तार केली.

तो आला. नवं केशरी पागोटं, पांढरा अंगरखा. किती वाळला होता! माझ्यासमोर सूप घेऊन उभा राहिला. माझा घुंगट पुढे ओढलेला, मला त्याचे फक्त हात दिसत होते. बोटांना छापखान्याची शाई.

“भावानं द्यावं,” भटजी म्हणाले.

त्याने ओंजळ भरली. लाह्या माझ्या हातात पडल्या, अर्ध्या खाली सांडल्या.

“नीट धर, धनू,” तो पुटपुटला.

“मला नाही जायचं,” मी घुंगटातून म्हटलं. “उमेद, मला तुमच्याबरोबर यायचंय. अजून काही झालेलं नाही. अजून म्हणा काहीतरी.”

त्याची बोटं माझ्या ओंजळीत तशीच राहिली. छगनलाल शेजारी उभा होता, त्याला ढोलाच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही. उमेदमलचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, आता हा सूप फेकून देणार. क्षणभर खरंच वाटलं हो!

“मी म्हणालो तर,” तो अगदी हळू म्हणाला, “हे लोक तुला काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, धनू. बहिणीला... मला ते ऐकवणार नाही.”

“मला ऐकवेल.”

“भाऊसाहेब, मुहूर्त टळतोय,” भटजी म्हणाले.

त्याने दुसरी ओंजळ भरली. मग शेवटची. माझे तळवे त्याच्या दोन्ही हातांत धरले, घट्ट, आणि मला काही कळायच्या आत ते अग्नीवर उलटे केले. लाह्या तडतडल्या. तो मागे सरला आणि सगळ्यांदेखत, पागोट्याचं टोक तोंडात धरून, हमसून हमसून रडायला लागला.

मागे बायकांत प्यारीबाई बसल्या होत्या, शेजारच्या. त्या कौतुकाने म्हणाल्या, “बघा गं बायांनो! सख्खा भाऊसुद्धा बहिणीसाठी इतका रडत नाही.”