कृष्णरावांचा टेस्ट प्रिंट

भंडाऱ्यातल्या त्या खाजगी हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळणारे कृष्णराव घरी निघताना कोणाला तोंडाने सांगत नसत. आपल्या टेबलावरून रिसेप्शनच्या प्रिंटरवर एक टेस्ट प्रिंट सोडत. कोऱ्या पानाच्या मधोमध एकच शब्द: येतो. छपाई नीट चालते हेही कळे आणि कृष्णरावकाका निघाले हेही. तृप्ती त्यांच्या हाताखाली नवीन लागली तेव्हा तिने थट्टेत म्हटलं होतं, चालले तर 'जातो' लिहा की. काकांनी तिला असं दटावलं की पुन्हा तिने तो शब्द काढला नाही. जातो म्हणून कोणी घराबाहेर पडतं का?

दिवाळीच्या तोंडावर काकांना अटॅक आला आणि ते गेले. त्यांचं काम तृप्तीकडे आलं. काम म्हणजे मुख्यतः एक भांडण, तेही वारशात आलं.

सर्व्हरवरची छपाईची सेवा म्हणजे सदा दार उघडं टाकून बसलेला कारकून. कोणी कागद पुढे केला की घेतला. या सेवेच्या जुन्या आवृत्तीत असं भोक होतं की बाहेरचा माणूस कागद देण्याच्या निमित्ताने आत शिरून सगळे रिपोर्ट उचलून नेऊ शकत होता. भोक बुजवणारा पॅच कधीचा आलेला होता, तोही फुकट. तो बसवायला सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवावा लागणार, एवढीच काय ती अडचण. मॅनेजर वीरेंद्र सरांना तेवढा वेळ कधी सापडला नाही. "चालून राहिलं ना? मंग कायले हात लावता?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. यांचा चहा मात्र तासभर चाले, तेव्हा पेशंट खोळंबले तरी चालत होतं.

व्हायचं तेच झालं. पवनीच्या एका मुलीचा रिपोर्ट चोरीला गेला, गावभर मोबाईलवर फिरला, तिचं जमलेलं लग्न मोडलं. तिचा बाप येऊन रिसेप्शनसमोरच्या बाकावर बसला. तो भांडला नाही, ओरडला नाही, नुसता बसून राहिला. त्याच्याकडे पाहताना तृप्तीला आपल्या पगाराचीही लाज वाटली. त्या दिवशी तिने कोणाला न विचारता सर्व्हर बंद केला आणि पॅच बसवला.

संध्याकाळी प्रिंटरमधून कागद आला. येतो.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. मेलेल्या माणसाची थट्टा करणाऱ्याला चपलेने मारायला हवं होतं. सर्व्हरच्या नोंदीत पाठवणाऱ्या कॉम्प्युटरचं नाव काकांच्याच कॉम्प्युटरचं दिसत होतं. पण नावाचं काय, चोर कोणतंही नाव लावू शकतो. तरी ती स्टोअररूममध्ये गेली. मोडक्या व्हीलचेअरींमागे काकांचा कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. त्याची हार्डडिस्क तिनेच काढली होती. त्याला ना वीज, ना वायर.

दुसऱ्या दिवशी तिने छपाईची सेवाच बंद करून टाकली. संध्याकाळी कागद आला.

मग तिने प्रिंटरची नेटवर्कची वायर उपटली आणि गुंडाळून आपल्या पर्समध्ये ठेवली. बाहेर पितळी भांड्यांच्या दुकानात ठोकाठोक चालली होती. ठोकाठोक मध्येच थांबली, आणि त्या शांततेत प्रिंटरने कागद ओढल्याचा आवाज आला. तृप्तीने कागद उचलला. तो गरम होता, आणि त्याला काकांच्या कपड्यांना यायचा तसा बारीक कापराचा वास होता.

तिने हे कोणाला सांगितलं नाही. सांगून विश्वास कोण ठेवणार?

वीरेंद्र सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं ते भर दुपारी. स्क्रीनवर मजकूर तयार होता. रिपोर्ट चोरीला गेले ते कै. कृष्णराव यांच्या हलगर्जीमुळे; त्यांनी सुरक्षेचे पॅच कधी बसवलेच नाहीत. खाली साक्षीदार म्हणून तृप्तीचं नाव.

तिचे कान तापले. ज्या माणसाने याच टेबलासमोर उभं राहून घसा कोरडा केला, त्याच्याच माथी? उद्या हे गावात फिरलं की काकांच्या मागे राहिलेल्या रुखमिणीकाकूंनी कोणाला तोंड दाखवायचं?

"ते रोज तुम्हाला सांगत होते, सर. माझ्यासमोर. मी सही नाही करत."

"नाही करत, तर त्यांच्यासोबत हलगर्जीत तुमचंही नाव टाकतो." सर खुर्चीत रेलले. "अन् कृष्णरावचं काय घेऊन बसल्या? ते थोडेच बोलाले येऊन राहिले?"

त्यांनी प्रिंटचं बटण दाबलं.

स्क्रीनवर आलं: प्रिंटर सापडत नाही.

सरांनी तिच्याकडे डोळे वटारले. तिने पर्समधून वायर काढून टेबलावर ठेवली.

बाहेर प्रिंटरने कागद ओढला.

दोघेही दाराकडे पाहत राहिले. रिसेप्शनवरची चंदा आत आली. तिला लागून जेमतेम आठवडा झाला होता. कृष्णरावांना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने कागद सरांपुढे ठेवला.

मधोमध एकच शब्द होता. आलो.

सरांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"सर," चंदा म्हणाली, "कापराचा वास येणारे एक काका बाहेर बाकावर बसून आहेत. अंदर पाठवू का?"