पुकाऱ्याला हजर

या, जरा जवळ सरका. गोष्ट सांगते, पण गोष्ट म्हणून ऐकू नका. देवाला साक्षी ठेवून सांगते, यातलं एक अक्षर पदरचं नाही.

रात्र नव्हती, स्मशान नव्हतं. मंगळवारची लख्ख दुपार, सव्वातीन वाजलेले. कोर्टाचा दुसरा मजला, लांबलचक व्हरांडा, भिंतीला लावलेले बाक.

आणि माझ्या शेजारी दादा.

दादा माझा थोरला भाऊ. वय सेहेचाळीस, समज पाच वर्षांच्या लेकराची. आई त्याची कायदेशीर पालक होती, सत्तावीस वर्षांपूर्वी कोर्टानेच नेमलेली; पालक म्हणून ठरल्या तारखांना तिला तिथे हजेरी द्यावी लागायची. ती गेली आणि दोन कामं माझ्या गळ्यात पडली. तिचं घर आम्हा दोघांच्या नावावर करायचं होतं, त्याला दादाच्या वतीने पालकाची सही हवी. म्हणजे आधी मला पालक नेमून घ्यायला हवं.

सोपं वाटतं ना?

कारकुनाने मृत्यूचा दाखला उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, “ताई, आमच्याकडे मेलेल्या माणसाला मरायलाही वेगळा अर्ज लागतो.”

तो अर्ज मी तीनदा दिला. दोनदा हरवला. तिसऱ्यांदा भलत्याच फाइलला लागला.

त्यामुळे दर तारखेला पुकारा व्हायचा तो आईच्याच नावाचा. शिपाई सूर लावून पुकारायचा. मला कीर्तनात गाऊन सांगितलेल्या निरूपणाचं वेड, एरवी त्याच्या गळ्याला मी दाद दिली असती. तीनदा नाव घ्यायचं, येणाऱ्याने ‘हजर’ म्हणून वहीत सही करायची, अशी तिथली रीत.

त्या मंगळवारी दादाला तहान लागली. त्याला नळावर नेऊन आणेपर्यंत पुकारा होऊन गेला.

मी धावत टेबलाशी गेले. कारकून म्हणाला, झालं की, हजेरी लागली, पालक येऊन गेल्या.

“कोण येऊन गेलं?”

त्याने वही माझ्याकडे फिरवली.

आईची सही होती...

संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांची. शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं.

शाई अजून ओली होती.

बाई दिसायला कशी होती, मी विचारलं. तो वैतागला. दिवसाला दोनशे माणसं येतात, प्रत्येकाचं तोंड बघत बसू का, म्हणाला.

कुणीतरी चेष्टा केली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण पुढच्या तारखेला बाकावरून हलले नाही.

पहिला पुकारा. दुसरा.

तिसऱ्याला जिन्याकडून आवाज आला...

सट्... फरफट. सट्... फरफट.

चपला. एक पाय उचललेला, एक ओढलेला. आईचा डावा गुडघा कामातून गेला होता, ती अशीच चालायची.

मी व्हरांडाभर नजर टाकली. त्या बाजूला कुणी नव्हतं. दादा मात्र हसला आणि सरकून शेजारी जागा केली.

टेबलावरून पेनाचं टोपण घरंगळत खाली पडलं.

वहीत सही झालेली.

भीती वाटली का? वाटली. पण खोटं का सांगू, त्याहून जास्त संताप आला. कारण आत न्यायाधीशबाईंनी माझा अर्ज बाजूला सारला. नेमलेल्या पालक तारखांना हजर असताना दुसरा पालक कशाला, म्हणाल्या. मी दाखला पुढे केला. त्यांनी दाखला पाहिला, वही पाहिली. दोन्ही कागद सरकारीच! ज्याचा पालक जिवंत की मेलेला हेच ठरत नाही, त्याला घरी कुणाच्या भरवशावर ठेवायचं? पुढच्या तारखेपर्यंत उलगडा झाला नाही तर दादाला सरकारी निवासगृहात पाठवावं, असं त्यांनी लिहिलं.

दादा माझ्याशिवाय कुणाच्या हातचं जेवत नाही. तिथे तो चार दिवस टिकला नसता.

शेवटची तारीख. तोच व्हरांडा.

पहिला पुकारा.

सट्... फरफट...

आवाज आमच्या बाकाशी येऊन थांबला. दादाने हवेत हात पुढे केला आणि कुणाचं तरी बोट धरल्यासारखी मूठ मिटली.

मी समोरच्या भिंतीकडे बघत हळूच बोलले. लोक वेडी म्हणाले असते, तर म्हणोत.

“आई, पुरे कर. तू हजर म्हणतेस आणि माझा अर्ज पडतो. तुझ्यापायी त्याला नेऊन टाकतील. माझ्यावर एवढाही विश्वास नाही का?”

दुसरा पुकारा.

व्हरांड्यातला पंखासुद्धा वाजत नव्हता...

“मी बघते त्याला. जा तू.”

तिसरा पुकारा.

चपला वाजल्या नाहीत. टेबलाकडे जाताना नाही, जिन्याकडे परततानाही नाही.

दादाची मूठ तेवढी सैल पडली. तो रिकाम्या तळव्याकडे बघत राहिला.

कारकुनाने आईच्या नावापुढे लाल शाईने ‘गैरहजर’ लिहिलं. सात महिने अडलेलं काम तासाभरात झालं. मृत्यूची नोंद झाली, माझ्या नेमणुकीचा हुकूम निघाला, पुढे घराचे कागदही झाले. आधीच्या सह्या कुणाच्या, हे कुणी विचारलं नाही.

मीही नाही.

आता वर्ष होईल. दादा पोटभर जेवतो, शांत झोपतो. घरात कसलाही आवाज नाही.

तेच मला खुपतं...

सत्तावीस वर्षं त्या बाईने दादासाठी एक तारीख चुकवली नव्हती. मेल्यावरसुद्धा नाही. तिच्या नावापुढे तो शब्द मी लिहायला लावला. ती रागावून गेली की सुटून गेली, मला कोण सांगणार?

म्हणून हात जोडून एवढंच मागते. आज देवापुढे बसाल तेव्हा माझ्या आईची घडीभर आठवण काढा. मी रोजच काढते. पण माझ्याशी तिने बोलणं टाकलं असेल, तर तुमचं तरी ऐकेल.